आधी मूळ कागद दाखवा

गेल्या हिवाळ्यात आपल्याच भागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनात अनुवादावर परिसंवाद होता. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, की एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या अराजकवाद्यांचे लेखन मुळातून मराठीत यायला हवे आणि त्यातले थोडे काम मी हाती घेतले आहे. माझ्यानंतर बोलायला उठलेल्या वक्त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. त्यांचे आक्षेप तीन. पहिला असा, की असले लेखन आपल्याला हवेच कशाला, आपल्याकडे अराजकाला काय तोटा आहे? यावर मांडवात हशा आणि टाळ्या. दुसरा, हवेच असेल तर इंग्रजीत सगळे तयार आहे, त्यावरून उतरवावे. फ्रेंच-रशियनच्या नादी लागून आयुष्य कशाला घालवायचे? तिसरा, करायचेच तर सार तेवढे द्यावे, नको ते गाळावे, कारण आपला वाचक संसारी माणूस आहे.

पुढे कविसंमेलन होते, त्यामुळे अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आणि माझे उत्तर राहिले. ते इथे देतो.

उत्तराआधी घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी सातवीत होतो तेव्हा आजोबांच्या नावे एका कचेरीतून कन्नडमध्ये नोटीस आली. घरात कोणाला कन्नड वाचता येत नव्हते. गल्लीतल्या एका गृहस्थांना अक्षरओळख होती. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचले आणि 'भूस्वाधीन' या शब्दापाशी त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आबा, तोंड गोड करा. जमीन तुमच्या स्वाधीन करतायत." आजोबांनी खरेच गूळ वाटला. नोटीस देव्हाऱ्यात ठेवली. हरकत घेण्याची मुदत देव्हाऱ्यातच संपली. कन्नडमध्ये 'भूस्वाधीन' म्हणजे आपण ज्याला भूसंपादन म्हणतो ते. जमीन मिळणार नव्हती, जाणार होती.

यात कन्नडचा काही दोष नाही. तो शब्द त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. दोष अर्ध्या ओळखीवर अर्थ सांगून मोकळे होणाऱ्याचा. आणि मूळ कागद दुसऱ्या कोणाला न दाखवता गूळ वाटणाऱ्यांचाही. दोन भाषांत वाढलेल्या घरांपैकी प्रत्येकाकडे असली एखादी गोष्ट असेल. म्हणून म्हणतो, भाषांतराच्या बाबतीत निष्काळजी असण्याची चैन इतरांना परवडेल, आपल्याला नाही.

आता पहिला आक्षेप. तो सगळा 'अराजक' या एका शब्दावर उभा आहे. बाजारात गोंधळ झाला, सभेत खुर्च्या उडाल्या, की अराजक माजले असे आपण म्हणतो. फ्रान्समध्येही हा शब्द शिवी म्हणूनच चालत होता. ज्या ग्रीक शब्दावरून तो आला त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्यावर अधिपती नाही तो. 1840 साली पिएर-जोसेफ प्रूदों या तरुणाने 'मालकी म्हणजे काय?' हा ग्रंथ लिहिला आणि ही शिवी समजून उमजून स्वतःच्या नावाला लावून घेतली. हा बेझांसों गावचा, पिंपे बनवणाऱ्याचा मुलगा. छापखान्यात खिळे जुळवून पोट भरलेला. व्यवस्था नको असे त्याचे म्हणणे नव्हते. व्यवस्था माणसांच्या आपापसांतल्या करारातून यावी, वरून दंडुक्याने येऊ नये, असे होते. दहा वर्षांनी, 1850 मध्ये, आन्सेल्म बेलगारीग याने 'अराजक' नावाचे पत्र काढले आणि नावाखाली छापले, की हे सुव्यवस्थेचे पत्र आहे. दोनच अंक निघाले, पण या माणसांना काय म्हणायचे होते ते त्या दोन ओळींच्या मथळ्यावरून कळते.

माझे काही हितचिंतक सुचवतात, की 'अराजकवाद' हा बदनाम शब्द सोडून 'शासनमुक्तिवाद' असा सात्त्विक शब्द वापरा. मला ते मान्य नाही. लेखकाने मुद्दाम बोचरा शब्द निवडला असेल, तर भाषांतरकाराने त्याचा काटा काढून टाकणे ही लबाडी आहे.

आपल्याकडे या शब्दाला बाँबचा वास लागला तो मुख्यतः सरकारी कागदांतून. ज्याला आपण रौलट कायदा म्हणतो, त्या 1919 च्या कायद्याच्या अधिकृत नावातच अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे असे शब्द होते. जी माणसे आपले स्वतःचे सरकार मागत होती, त्यांना कोणतेच सरकार नको म्हणणाऱ्यांच्या रांगेत बसवले गेले. साहेब गेला, पण त्याने केलेले हे भाषांतर आपण अजून वापरतो आहोत.

बाँब खोटे होते असे मी म्हणत नाही. डिसेंबर 1893 मध्ये ओग्युस्त वायाँ याने पॅरिसच्या प्रतिनिधिगृहात बाँब टाकला. पुढच्याच वर्षी फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांचा एका अराजकवाद्याने खून केला. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकला, त्या वेळच्या पत्रकात वायाँचे नाव होते. हे लपवण्याचे कारण नाही. पण 1840 ते 1893 यांच्यामध्ये 53 वर्षे आहेत. त्या वर्षांत ग्रंथ लिहिले गेले, पत्रे चालली, कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या. ती सगळी वर्षे गिळून एकदम बाँबवर जाणे म्हणजे कीर्तन न ऐकता चपला चोरीला गेल्याचीच बातमी देणे.

जानेवारी 1849 मध्ये प्रूदोंने 'जनता बँक' काढली. कारागिरांनी सावकार वगळून एकमेकांना जवळजवळ बिनव्याजी पत द्यावी, ही कल्पना. मार्चमध्ये अध्यक्षांविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि बँक उभी राहण्याआधीच त्याने ती गुंडाळली. आता मला सांगा, वक्तेमहाशयांच्या घरी भिशी चालत नाही का? दरमहा वीस घरे पैसे काढतात, चिठ्ठी उचलतात, एकाची नड भागते. तिथे ना शिपाई, ना स्टँपपेपर. एक वही आणि एकमेकांची ओळख. भिशी म्हणजे प्रूदोंची बँक नव्हे, हे मलाही कळते. पण दंडुक्यावाचून माणसे हिशेब पाळतात, एवढे तरी ज्यांच्या घरात दरमहा दिसते त्यांनी प्रूदोंला हसण्याआधी त्याचे एक प्रकरण वाचावे.

'हा विचार परका आहे' असेही म्हटले गेले. शांतिपर्वात अराजकाची दोन चित्रे आहेत. मोठा मासा लहान माशाला खातो, हे एक. ते आपण शाळेत शिकवतो. दुसरे असे, की प्रारंभी राजा नव्हता, राज्य नव्हते, दंड नव्हता, आणि माणसे धर्माने एकमेकांना राखत होती. हे चित्र आपण झाकून ठेवतो. फेब्रुवारी 1916 मध्ये काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी, आपणही अराजकवादीच आहोत, पण वेगळ्या प्रकारचे, असे भर सभेत सांगितले आणि संस्थानिक उठून गेले. बडोद्यात वाढलेल्या विनोबांनी भूदानाच्या काळात शासनमुक्त समाजाची भाषा केली. मद्रासकडचे एम. पी. टी. आचार्य तर उघड अराजकवादी. 1935 पासून ते मुंबईत राहत होते, देशोदेशींच्या अराजकवादी पत्रांत लिहीत होते आणि 1954 मध्ये मुंबईतच वारले. आपल्याच लोकांच्या बोलण्यातले हे अर्धे कळायचे, तरी ते ज्यांच्याशी वाद-संवाद करत होते त्यांचे लेखन हाताशी हवे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो शहाणपणाच्या वेषात येतो. इंग्रजीत आहे ना, मग झाले!

1908 सालचा टिळकांचा खटला आठवा. 'केसरी'तल्या मराठी लेखांवर राजद्रोहाचा आरोप आणि न्यायालयात वाचले गेले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी आपल्या बचावात भाषांतरातला एकेक शब्द धरून वाद घातला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली. ज्यूरीचे मत सात विरुद्ध दोन असे पडले आणि 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. मराठी लेखकाला मंडालेला पोचवण्यात इंग्रजी भाषांतराचाही हात होता, हे ज्या भाषेने सोसले, तिनेच आता फ्रेंच आणि रशियन लेखकांना इंग्रजी भाषांतरावरून ओळखून घ्यावे काय?

नुसते म्हणत नाही, दाखले देतो. बाकुनिनचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक म्हणजे 'ईश्वर आणि राज्यसंस्था'. हे नाव बाकुनिनने दिलेले नाही आणि असे पुस्तकही त्याने लिहिले नाही. 1871 मध्ये त्याने हातात घेतलेल्या एका मोठ्या ग्रंथाचा तो तुकडा आहे. 1876 मध्ये तो वारला. पुढे कार्लो काफिएरो आणि एलिझे रेक्लू या त्याच्या सोबत्यांना कागदांत हा तुकडा सापडला. 1882 मध्ये जिनिव्हात त्यांनी तो नाव देऊन छापला. देताना बाकुनिनची फ्रेंच त्यांना ओबडधोबड वाटली म्हणून ठिकठिकाणी सुधारली आणि काही जागी त्याचे गिचमिड अक्षर चुकीचे लावले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत बेंजामिन टकरने या सुधारलेल्या प्रतीवरून इंग्रजी केले. मूळ कागदांशी ताडून शुद्ध पाठ छापून यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. आता जो मराठी अनुवादक ग्रंथालयातली जुनी इंग्रजी प्रत उचलून बसेल, तो बाकुनिनवर रेक्लूचा हात, त्यावर टकरचा हात आणि सर्वांत वर स्वतःचा हात फिरवील. आमच्या नोटिशीला एकच वाचणारा होता. इथे तीन झाले.

दुसरा दाखला एका शब्दाचा. जोझेफ देजाक हा भिंतींना कागद चिकटवणारा कारागीर. 1848 नंतर फ्रान्समधून परागंदा होऊन अमेरिकेत गेला. 1857 मध्ये न्यू ऑर्लीन्सहून त्याने प्रूदोंला एक उघडे पत्र लिहिले आणि त्यात 'लिबर्तेर' हा नवा शब्द घडवला. पुढे याच नावाचे पत्र त्याने न्यूयॉर्कमध्ये 1858 ते 1861 या काळात चालवले. 27 अंक निघाले. देजाकच्या लेखी या शब्दाचा अर्थ राज्यसत्तेचाच नव्हे, तर मालकीचाही विरोधक. हाच शब्द इंग्रजीत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खासगी मालकी आणि खुल्या बाजाराच्या कैवाऱ्यांनी तो उचलला. 1971 मध्ये तिथे त्या नावाचा राजकीय पक्षच निघाला. इंग्रजी कोश उघडून देजाकला 'स्वातंत्र्यवादी' म्हणणारा मराठी अनुवादक त्याला त्याच्या शत्रूंच्या पंगतीला बसवील. 'स्वाधीन'चीच ही गोष्ट, फक्त समुद्रापलीकडची.

तिसरा दाखला प्रूदोंचा. मालकीला चोरी म्हणणारे त्याचे वाक्य जगभर गाजले. इंग्रजीवरून मराठीत येताना तिथे 'संपत्ती' किंवा 'मालमत्ता' येते आणि वाचक दचकतो. माझी शिलाई मशीन, माझी बैलजोडी, माझे राहते घर ही चोरी कशी? पण प्रूदों त्याविरुद्ध बोलतच नाही. तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. स्वतः न राबता केवळ कागदावरच्या हक्काच्या जोरावर भाडे, खंड आणि व्याज खाण्याचा अधिकार, ही एक. राबणाऱ्याचा आपल्या शेतावरचा, अवजारावरचा, घरावरचा ताबा, ही दुसरी. पहिलीवर तो तुटून पडतो, दुसरी राखतो. हे इंग्रजीत सांगायला यातायात पडते. मराठीत शब्दांचे भांडार तयार आहे. मालकी, ताबा, कब्जा, वहिवाट, भोगवटा, कूळ, खंड हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण गावागावांत ऐकली. दुसऱ्याच्या भाटात पिढ्यानपिढ्या राहणारा मुंडकार गोव्याच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. प्रूदोंला मराठीत इंग्रजीपेक्षा बरे घर मिळू शकते, पण तो इंग्रजी सराईत मुक्काम करून आला तर नाही.

आणि मूळ कुठे मिळणार, म्हणून विचारले गेले. ते मिळावे म्हणून एका माणसाने हयात घालवली आहे. माक्स नेटलाऊ हा व्हिएन्नाजवळ जन्मलेला भाषापंडित. गावोगाव फिरून जुन्या सोबत्यांच्या माळ्यांवरून पत्रे, हस्तलिखिते, फाटके अंक त्याने गोळा केले. बाकुनिनचे भले मोठे चरित्र छापायला पैसा नव्हता, म्हणून स्वतःच्या अक्षरात लिहून त्याच्या पन्नासेक प्रती काढल्या आणि निरनिराळ्या देशांतल्या ग्रंथालयांना दिल्या. 1935 मध्ये त्याचा संग्रह ॲम्स्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेकडे गेला. जर्मनांनी हॉलंड घेतल्यावर त्या संस्थेतले कागद उचलून नेले. युद्धानंतर बरेचसे परत मिळाले. नेटलाऊ 1944 मध्ये वारला, ते पाहायला राहिला नाही. 2000 साली त्याच संस्थेने बाकुनिनचे समग्र लेखन तबकडीवर आणले. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली जुनी पुस्तके आज घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. माळे धुंडाळण्याचे काम दुसऱ्यांनी करून ठेवले आहे. आपण फक्त वाचायचे आहे. तेवढाही कंटाळा असेल तर तसे सांगावे, इंग्रजीची ढाल पुढे करू नये.

राहिला तिसरा आक्षेप, नको ते गाळण्याचा. नको ते आहे, भरपूर आहे. हाच प्रूदों बायकांविषयी असे लिहून गेला, की आज वाचताना लाज वाटते. बाईची जागा घरात, बुद्धीने ती पुरुषाहून कमी, ही त्याची मते. 1847 च्या खासगी टिपणात ज्यूंविषयी त्याने भयंकर लिहिले आहे. बाकुनिननेही त्या जातीचे विष ओकले आहे. वक्तेमहाशय म्हणतात, हे वगळा म्हणजे विचार शुद्ध राहील.

पण वगळले तर काय जाते ते पाहा. देजाकचे ते उघडे पत्र म्हणजे प्रूदोंच्या याच मतांवर ओढलेला कोरडा होता. राज्याच्या गुलामीविरुद्ध बोलणारा घरातली गुलामी कशी राखतो, असा त्याचा सवाल. 'लिबर्तेर' हा शब्द जन्मला तोच बाईच्या बाजूने भांडताना. प्रूदोंच्याच गावी, त्याच्याच जन्मवर्षी, 1809 मध्ये, जन्मलेल्या जेनी देरिकूर या बाईने 1860 मध्ये ग्रंथ लिहून त्याची मते मुद्दा-मुद्दा खोडून काढली. प्रूदोंचा तो भाग गाळला, की या दोघांची उत्तरे कोणत्याच प्रश्नाची उत्तरे राहत नाहीत. त्यांनाही गाळावे लागते. म्हणजे एका पुरुषाची अब्रू झाकण्यासाठी त्याला जाब विचारणारी बाई पुसायची. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये पुण्यात निघाली. ज्या भाषेत ते पुस्तक आहे, तिच्या वाचकाला देरिकूर झेपणार नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या घरातल्या बायकांना आधी विचारून यावे.

आणि एक. अराजकवादाचा गाभाच हा, की कोणाचेही म्हणणे तो मोठा आहे म्हणून मानू नये. अशा माणसांचे लेखन धुवून, पुसून, हार घालून मांडणे ही त्यांची सर्वांत मोठी चेष्टा होईल. आपल्याकडे संतांचे आणि पुढाऱ्यांचे तसे करून झाले आहे. निदान यांना सोडा.

मग करायचे काय? माझी मागणी साधी आहे. असले कोणतेही भाषांतर छापताना पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात. कोणत्या भाषेतल्या, कोणत्या सालच्या प्रतीवरून केले. काय गाळले, आणि का. मुख्य चार-पाच शब्दांना मराठी शब्द कोणते योजले, आणि दुसरे का नाकारले. हे लिहायला अर्धे पान लागते. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याला आपण काय उतरवले हेच ठाऊक नाही, असे वाचकाने समजावे.

माणसे नाहीत, हेही मी मानत नाही. हैदराबादेत फ्रेंच, रशियन, स्पॅनिश शिकवणारे विद्यापीठ आहे आणि तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पणजीच्या जुन्या लिसेवमध्ये 1961 पूर्वी पोर्तुगीजबरोबर फ्रेंच शिकलेली पिढी आता हातावर मोजण्याइतकी उरली आहे. ती आहे तोवर तिच्याजवळ बसावे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव इथल्या घरांत प्रत्येक मूल शाळेत जाण्याआधीच दोन भाषांत हिंडते. एका भाषेतला शब्द दुसरीत तसाच दिसतो आणि अर्थ मात्र पालटतो, हे ज्ञान पुण्या-मुंबईच्या अनुवादकाला पुस्तकातून मिळवावे लागते. आपल्याला ते गल्लीत मिळाले, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. ते ज्ञान फक्त रेशन कार्ड आणि उतारा वाचण्यापुरते वापरायचे, हा करंटेपणा आहे.

ती नोटीस माझ्याजवळ अजून आहे. घडीवर फाटली आहे, कोपऱ्याला हळदीचा डाग आहे. पुढे मी कन्नड शिकलो, तेव्हा पहिल्यांदा ती वाचली. दोन मिनिटे लागली.

वक्तेमहाशयांना पुढच्या संमेलनाचे आमंत्रण असेलच, मलाही आहे. त्यांनी जरूर यावे आणि माझे म्हणणे खोडून काढावे. फक्त येताना प्रूदोंची एक प्रत घेऊन यावी आणि ती कोणत्या सालची, कोणी छापलेली, ते आधी सांगावे. मग बोलू.